आमची पाऊण किलोची चूक

आमच्या धंद्यात काम फत्ते झाल्याची खूण म्हणजे शांतता. रेडिओच्या सेटमधून येणारी शिट्टी जाड होत होत थांबली की समजायचं, आकडा जागेवर बसला. चाळीस वर्षं मी त्या शांततेची वाट बघत टेबलाशी बसलो आणि आज मला तिचाच धसका वाटतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती लिहितो, पण मनात जे टोचतं ते टाळून लिहिता येणार नाही.

नांदेडला वजिराबादेत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ गेले, मग टेप गेले, मग डब्यासारखे टीव्हीही गेले. दुकान आवरून मी लातूरला घरी आलो आणि गॅलरीत टेबल टाकलं. तोवर माझ्याकडे हॅम मंडळींची कामं येऊ लागली होती. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि घरच्या सेटवरून, गच्चीवर तार बांधून, लांबलांबच्या माणसांशी बोलायचं. मोबाइलच्या दिवसांत हे कशाला, हे माझी बायको कमल लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा विचारते. यातले बरेच जण सेट विकत घेत नाहीत, सुटे भाग किटमध्ये मागवून स्वतः जोडतात. जोडताना हौस असते, बिघडला की तोंड उतरवून माझ्याकडे येतात.

सेट जोडला, त्यातून आवाज आला, तरी एक काम उरतंच. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. घड्याळ चालणं वेगळं आणि बरोबर वेळ दाखवणं वेगळं, तसंच हे. सेटच्या पडद्यावर दिसतं की आपण अमुक आकड्यावर, म्हणजे अमुक फ्रीक्वेन्सीवर बसलोय, पण आतला स्फटिक, सेटची लय धरणारा बारका तुकडा, थोडा पुढं धावत असेल तर सेट भलत्याच जागी बसलेला असतो. सातशे हर्ट्झ, म्हणजे आमच्या बोलीत पाऊण किलो, एवढा फरक पडला तरी पलीकडच्याला आपला आवाज बदकासारखा येतो. सिग्नल क्षीण असला तर काही म्हणजे काही कळत नाही.

आकडा तपासायच्या रीती दोन. एक कानाची. शॉर्टवेव्हवर एखादं मोठं केंद्र लावायचं, त्याचा आकडा पक्का असतो. आपला सेट त्याच्या जवळ आणला की शिट्टी ऐकू येते. आणखी जवळ आणला की शिट्टी जाड होत जाते आणि थांबते. तिथं थांबायचं नाही. पुढं जायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूनं शिट्टी परत येते, आणि मग दोन्हींच्या बरोबर मध्ये यायचं. दुसरी रीत यंत्राची. फ्रीक्वेन्सी काउंटर नावाचा डबा सेटला जोडायचा, तो सरळ आकडा दाखवतो. माझा काउंटर मी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून आणला होता. त्याचा निवाडा शेवटचा, म्हणून आम्ही सगळे त्याला ‘सरपंच’ म्हणायचो.

या सरपंचाच्या जिवावर मी बऱ्याच फुशारक्या मारल्या. मुरुडच्या एका किराणा दुकानदाराचा सेट रोज सकाळी नवाच्या सुमाराला वर सरकायचा. त्यानं स्फटिक बदलला, तारा बदलल्या, शेवटी कुणीतरी करणी केली असं बोलायला लागला. मी त्याच्या घरी जाऊन दोन सकाळी सरपंच लावून बसलो. सेट ठेवला होता त्या फळीच्या खालीच देव्हारा होता आणि नऊला त्याच्या आई समई लावायच्या. समईची ऊब फळीतून स्फटिकाला लागत होती. सेट हलवा म्हणालो तर म्हणतो, “सर, सेट हलवला तर आई म्हंत्यात देवाला घाबरून पळवला.” अखेर मध्ये एक फरशीचा तुकडा ठेवून भागवलं.

ही झाली फुशारकी. आता दुसरी बाजू.

सहा वर्षांपूर्वी सरपंचाच्या आतला स्फटिक मेला. मी जुन्या बोर्डावरचा एक काढून बसवला. नवा स्फटिक बसवल्यावर काउंटरलाही खरा आकडा शिकवावा लागतो. तो मी कानाच्या रीतीनं शिकवला. माझा सेट शॉर्टवेव्हच्या केंद्राकडे वरून खाली आणला, शिट्टी थांबली, मी थांबलो आणि तोच आकडा सरपंचाला पढवला. पुढं जाऊन दुसऱ्या बाजूची शिट्टी ऐकायची राहिली. राहिली म्हणतो, खरं म्हणजे मी ती टाळली. कारण त्याच महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावा कान गेला आहे आणि उजव्याला खालच्या पट्टीतले जाड आवाज ऐकू येत नाहीत. बोलणं मला हेडफोन मोठा करून नीट कळायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मशीन लावा म्हणाले, मी त्यांची चिठ्ठी टेबलाच्या खणात सोल्डरच्या रिळाखाली घातली. रेडिओच्या मेकॅनिकनं कानाला मशीन लावून बसायचं, या कल्पनेनंच मला घाम फुटायचा. पुढं गेलो असतो आणि शिट्टी जिथं यायला हवी तिथं आलीच नसती तर काय, ही भीती होती. म्हणून जिथं शांतता मिळाली तिथं समाधान मानलं.

त्यानंतर नांदेड-लातूरकडचे तीसेक सेट त्या सरपंचासमोर बसले आणि बरोबर होऊन गेले. रविवारी सकाळी आठला आम्ही सगळे एका आकड्यावर जमायचो. उदगीर, औसा, देवणी, नांदेड, कुणाचाही आवाज खणखणीत. मध्येच एखादा पुण्याचा नाहीतर हैदराबादचा गडी यायचा आणि त्याचा आवाज बदकासारखा यायचा. मग आम्ही हसायचो की आलं बाहेरचं बदक. सेटला एक छोटी खुंटी असते. तिच्यानं आपलं फक्त ऐकणं सरकतं, बोलणं मूळ जागीच राहतं; मोठं चक्र फिरवलं तर दोन्ही सरकतात. ती पाऊण किलो खाली फिरवली की बदकाचा माणूस व्हायचा. बाहेरचे लोक पाऊण किलो खाली बसतात, हे आमच्यात इतकं रुळलं की नव्या माणसाला मी ते पहिल्याच दिवशी शिकवायचो. एकदा पुण्याच्या माणसानं नम्रपणे सुचवलं की तुमचा आकडा एकदा तपासा. आमचे नांदेडचे प्रल्हादराव, बँकेतून निवृत्त झालेले, सकाळचा जमाव तेच चालवतात. ते गरजले, “अख्खा मराठवाडा चूक आन् तुम्ही एकलेच बरोबर व्हय?” आम्ही सगळे पोट धरून हसलो, मी सगळ्यात जास्त.

सुजाता सोनकांबळे आली ती गेल्या उन्हाळ्यात. मुखेड तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात ती आरोग्यसेविका आहे. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला, वीज गेली की मोबाइलचा टॉवर मरतो आणि गाव बेट होऊन बसतं. आदल्या वर्षी अशाच दोन दिवसांत एक म्हातारं माणूस तिच्या हातावर गेलं होतं. दवाखान्याला कळवता आलं असतं तर वाचलं असतं, असं तिला वाटे. म्हणून तिनं अभ्यास करून परवाना काढला, किट मागवलं आणि ड्यूटी संपल्यावर एकेक भाग जोडून सेट उभा केला. जोडकाम इतकं स्वच्छ की मला माझं तरुणपण आठवलं.

मी सेट सरपंचाला लावला. म्हणालो, “बाई, पाऊण किलो चुकलंय.”

ती गोंधळली. “कसं काय सर? मी रेडिओ स्टेशनावर लावून बघितलंय की. दोन्ही बाजूंनी गेले. शिट्टी बरोबर मधी थांबायली.”

“कानावर जायचं नाही,” मी म्हणालो. “कान माणसाचे असतात. हे यंत्र आहे.”

हे वाक्य मी उच्चारलं. कुणी माझ्या तोंडून काढून घेतलं नव्हतं. तिनं आणखी एकदा विचारलं, “सर, एकदा स्टेशनावर लावून बघता का? तुम्ही ऐका.” मी ऐकणार कुठून! मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की सहा वर्षांत या टेबलावरून चुकीचा सेट गेलेला नाही. तिनं आपल्या वहीत काहीतरी लिहिलं आणि मी तिच्या सेटचा बरोबर आकडा पुसून आमचा चुकीचा घातला. जाताना बजावलं, “आणीबाणीत दिलेल्या आकड्यावरून हलायचं नाही. बाहेरच्याचा आवाज बदकासारखा आला तर छोटी खुंटी फिरवायची, मोठ्या चक्राला हात लावायचा नाही.” ती म्हणाली, “हाव सर.” शिस्तीची बाई, तिनं तसंच केलं.

पाऊस आला तसा आलाच. सप्टेंबरात तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सुजाता रेडिओवर आली, पूल गेला, टॉवर गेला, पण सगळे ठीक आहेत म्हणाली. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालत होतो. मला असंही गॅस बंद केला का म्हणून दोनदा उठून बघायची सवय आहे. त्या दिवशी तर सेटपाशी दहादा जाऊन बसलो.

पाच वाजून गेल्यावर प्रल्हादरावांचा फोन आला. “वसंतराव, पोरीचा निरोप अर्धा आला हो. सामान हलवताना एका बाईला घोणस चावलीय म्हनली, बोट पाठवा म्हनली. कोन्त्या वस्तीवर ते सांगायच्या आत आवाज गेला.”

“गेला म्हणजे?”

“संध्याकाळ व्हायली ना. जवळचं ऐकू येईना झालंय. बेंगळुरूवाल्यांना कुणीतरी बोलल्यासारखं वाटायलंय, पण कळंना म्हंत्यात. बचाव पथकाची बोट इकडं तयार हाय. त्या गावाच्या तीन वस्त्या तीन बाजूला तुटल्यात. अंधार पडला की बोट सोडत न्हाईत.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या या लहरी आकाशात जाऊन परत खाली येतात. दिवसा त्या शे-दीडशे किलोमीटरवर उतरतात, ऊन कललं की जवळच्यांच्या डोक्यावरून उडी मारून पार लांब उतरतात. मुखेडची बाई नांदेडला ऐकू येणं बंद होतं आणि बेंगळुरूला ऐकू येऊ लागतं. त्या संध्याकाळी तिकडचे एक वयस्क गृहस्थ कान देऊन बसले होते, आणि तिच्यासाठी सगळ्या जगात तेवढे एकच कान उरले होते.

मी सेट लावला. बेंगळुरूचे गृहस्थ मला बदकासारखे ऐकू आले. हात सवयीनं छोट्या खुंटीकडे गेला, पाऊण किलो खाली. आता नीट कळलं. ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगत होते की कुणी महिला बोलत आहे, शब्द कळत नाहीत, पुन्हा सांगा. मग थोडं थांबायचे आणि पुन्हा तेच. मधल्या वेळात सुजाता बोलत असणार, मला ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिच्यासमोर ती बाई पडलेली असणार, पाय सुजत चाललेला असणार, आणि ही माझ्या आकड्यावर इमानदारीनं बसून बोलत असणार.

माझी बोटं अजून खुंटीवरच होती. पाऊण किलो खाली. सुजाताचा सेट पाऊण किलोच चुकला होता. पुणेवाला पाऊण किलो. हैदराबादवाला पाऊण किलो.

मी शॉर्टवेव्हचं ते जुनं केंद्र लावलं. वरून खाली आलो, शिट्टी जाड झाली, थांबली. शांतता. सेटचा आकडा सरपंचाशी अगदी जुळत होता. क्षणभर जीव भांड्यात पडला. खोली शांत, सगळं बरोबर.

आतून कमल म्हणाली, “अहो, ती पुंगी बंद करा की. डोकं उठायलं.”

“कोणती पुंगी?”

“ही काय, वाजायली ना! तुम्हाला ऐकू येईना का?”

मी हेडफोनची पिन काढली होती, स्पीकर चालू होता. मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी तिला हाक मारून टेबलाजवळ उभं केलं आणि म्हणालो, “मी चक्र फिरवतो, तू सांग.” मी खाली खाली फिरवत गेलो. ती सांगत गेली, “जाड झाली. आता घुमायली. अजून जाड. गेली.” मी आणखी पुढं गेलो. ती म्हणाली, “आली बघा परत.” मग मी मध्ये आलो आणि आकडा पाहिला. पाऊण किलोचा फरक. सहा वर्षं मी ज्याला शांतता समजत होतो तिथं सगळा वेळ शिट्टी वाजत होती आणि ती माझ्याशिवाय कुणालाही ऐकू आली असती.

कमलनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. “काय झालं?”

“चूक झाली,” म्हणालो. “माझी.”

सेट दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी बेंगळुरूच्या आकड्यावर आलो आणि या वेळी मोठं चक्र फिरवलं, त्यांचा आवाज माणसाचा होईपर्यंत. आता मी खऱ्या जागी होतो. बोलायचं बटण दाबलं. फक्त उपाय सांगून भागणार नव्हतं, का ते सांगितल्याशिवाय त्यांनी विश्वास का ठेवावा? मग म्हणालो की ती महिला तुमच्यापेक्षा सातशे हर्ट्झ वर आहे, तुमची ऐकण्याची खुंटी वर फिरवा. तिचा सेट मी लावला आहे. माझं यंत्र चुकीचं आहे, आमच्याकडचे सगळे सेट चुकीचे आहेत.

रेडिओवर शिस्त अशी की महत्त्वाचा निरोप ऐकणाऱ्यानं परत म्हणून दाखवायचा. त्या सज्जन माणसानं तो शब्द न् शब्द परत म्हटला, सावकाश, स्पष्ट. लातूरचं यंत्र चुकीचं, त्या भागातले सगळे सेट चुकीचे, बरोबर? लांबच्या ज्या कुणाला मी ऐकू आलो नसतो त्यांनाही ते ऐकू गेलं. मी म्हणालो, “बरोबर.”

मग शांतता झाली. ही खरी होती का, तेही मला कळेना. मी कमलला विचारलं, “काही वाजतंय का?” ती म्हणाली, “न्हाई. थांबा जरा.” आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दीडेक मिनिटानं बेंगळुरूहून आवाज आला. महिला कळते आहे. उत्तरेची वस्ती, शाळेच्या इमारतीजवळ, चावून दोन तास झाले. मी ते प्रल्हादरावांना फोनवर ओरडून सांगितलं. एवढ्या जोरात की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. बोट उजेडात निघाली. बाई वाचली. पायाची दोन बोटं तेवढी काढावी लागली.

त्या रात्री मी प्रत्येकाला फोन केला. कुणी रागावलं नाही, हेच जास्त लागलं. प्रल्हादराव एवढंच म्हणाले, “त्या पुनेवाल्याला आता काय तोंड दाखवावं!” कानाचं मशीन मी त्याच आठवड्यात घेतलं. पण उशिरा घेतलं, आणि उशिराची भरपाई कुठल्याच यंत्रात नसते.

पंधरा दिवसांनी सुजाता सेट घेऊन आली. मी शब्द जुळवून ठेवले होते. “माफ कर बाई,” एवढंच निघालं. ती म्हणाली, “असू द्या सर. वाचली ती.” मग तिनं वही काढली. मी सेट बदलला त्या दिवशी तिनं आपला मूळ आकडा लिहून ठेवला होता. तो तिनं परत घातला, केंद्र लावलं आणि दोन्ही बाजूंनी जाऊन बरोबर मध्ये येऊन थांबली. मी खुर्ची सोडून बाजूला उभा होतो. आता सरपंचाला आकडा तिनंच शिकवला.

वही टेबलावर उघडीच होती. त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं पुन्हा केंद्र लावून ऐकलं असावं, कारण मूळ आकड्याखाली त्याच दिवशीची तारीख घालून एक ओळ लिहिली होती. माझं लक्ष गेलेलं पाहून ती संकोचली. म्हणाली, “सर, हे आता खोडू का?”

“खोडू नको,” मी म्हणालो.

ती ओळ मी एका कागदावर उतरवून सरपंचाच्या कपाळावर चिकटवली आहे. आता माझ्याकडे सेट घेऊन येणारा प्रत्येक जण बसल्या बसल्या ती वाचतो आणि मला विचारतो, हे कुणी लिहिलंय. त्यात लिहिलंय, “मला अजूनही शिट्टी ऐकू येते. पण सर बरोबर म्हणतात, म्हणजे माझाच कान चुकत असेल.”